डॉक्टरांचा फोन लागत नाही, तेव्हा खर्च किती होतो?

मागच्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचे रिपोर्ट दाखवायचे होते. सकाळी साडेनऊपासून दवाखान्याचा फोन लावत होतो. आधी एंगेज, मग पूर्ण रिंग वाजून बंद, मग परत एंगेज. दुपारपर्यंत चौदा वेळा. शेवटी आईला रिक्षात बसवून सात किलोमीटर गेलो, तर दारावर कागद चिकटवलेला: डॉक्टर गुरुवारपर्यंत बाहेरगावी. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण १७ रुपये पडतात. म्हणजे जायचे १२०, यायचे १२०. वर माझी अर्ध्या दिवसाची रजा आणि दोन जिने उतरून-चढून सुजलेला आईचा गुडघा. न उचललेल्या फोनचा हा खर्च पेशंटच्याच खिशातून जातो, म्हणून तो मांडून बघायला हवा.

छोट्या दवाखान्यात बहुधा काउंटरवर एकच माणूस असतो. फी घेणे, फाइल शोधणे, पेशंट आत सोडणे, सगळे त्याच्याकडे, आणि फोनही त्याच्याच हाताशी. त्यामुळे ओपीडी नुकती सुरू झालेली असताना फोन लावण्यात अर्थ नसतो. सकाळची गर्दी ओसरत आली की लागण्याची शक्यता जास्त. अनेक ठिकाणी नंबर लावायची ठरावीक वेळ असते. ती पुढच्या भेटीत विचारून फाइलच्या वरच लिहून ठेवा. दवाखान्याचा व्हॉट्सॲप असेल तर नुसते ‘फोन करा’ असे लिहू नका. पेशंटचे नाव, वय, फाइल नंबर, काय दाखवायचे आहे आणि कोणते दोन दिवस चालतील, हे एकाच मेसेजमध्ये पाठवा. समोरच्याला ‘बुधवारी सहाला या’ एवढेच लिहावे लागते. आणि दवाखान्याशेजारच्या केमिस्टला विचारा. डॉक्टर आज बसले आहेत का, हे त्याला बहुतेक वेळा माहीत असते. त्या दिवशी तो एक फोन केला असता तर आमचे २४० रुपये वाचले असते.

सगळ्यात महाग पडतो तो इंटरनेटवर शोधलेला नंबर. मोठ्या रुग्णालयाच्या किंवा डॉक्टरांच्या नावापुढे भामट्यांनी स्वतःचा नंबर टाकून ठेवल्याचे प्रकार मुंबई-पुण्यात वारंवार उघड झाले आहेत. हा फोन लगेच उचलला जातो, आणि सकाळपासून नंबर फिरवून थकलेल्या माणसाला हायसे वाटते. मग ‘नोंदणीचे फक्त ५ रुपये भरा’ म्हणून लिंक येते, नाहीतर एखादी एपीके फाइल. ती उघडून माहिती भरली की बँक खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही. नंबर नेहमी जुन्या प्रिस्क्रिप्शनवरून, केसपेपरवरून किंवा बिलावरून घ्या. अनोळखी लिंकवर एक रुपयासुद्धा भरू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात. घरच्यांना सांगू की नको या विचारात गेलेला तास फार नडतो.

नुसते रिपोर्ट दाखवायचे असतील तर फोनवर किंवा व्हिडिओवर चालेल का, हे विचारायला संकोच करू नका. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर असा सल्ला देऊ शकतात आणि त्याची फीही घेऊ शकतात, मात्र पावती द्यायला हवी. काही औषधे अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत, हे धरून चाला. ॲपवरून वेळ घेताना पैसे भरण्याआधी दोन गोष्टी बघा: बुकिंगचे वेगळे पैसे आहेत का, आणि डॉक्टर आलेच नाहीत तर पैसे परत मिळतात का.

साध्या तक्रारीसाठी सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते. नेहमीचे डॉक्टर तिथे भेटतीलच असे नाही, त्यामुळे जुन्या आजाराचे कागद जवळ ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. आभा हा १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांकही फुकट निघतो. ज्या रुग्णालयात सोय आहे तिथे क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळते आणि केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो.

छातीत दुखत असेल, दम लागला असेल, तोंड वाकडे झाले असेल तर दवाखान्याचा नंबर फिरवत बसू नका. १०८ लावा, ही रुग्णवाहिका मोफत आहे.

आमच्या आईला शेवटी पुढच्या आठवड्यात नंबर मिळाला, तोही व्हॉट्सॲपच्या मेसेजवर. आत गेल्यावर मी डॉक्टरांना एवढेच विचारले की, दारावर लावला तो कागद व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही ठेवता येईल का? त्यांनी लगेच काउंटरवरच्या मुलीला बोलावून तसे सांगितले.