मधली पन्नास वर्षं एमान्युएल रिव्हा कुठे होत्या?

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबात नुकताच 'हिरोशिमा मोनामूर' पाहिला. 'आमूर' काही वर्षांपूर्वी पाहिला होता. दोन्हींतली नायिका एकच आहे हे घरी आल्यावर कळलं आणि विश्वासच बसेना. एक चित्रपट १९५९चा, दुसरा २०१२चा! मधल्या काळात या बाई काय करत होत्या? अभिनय सोडून दिला होता का? आणि 'आमूर'साठी त्यांना कानमध्ये किंवा ऑस्करला अभिनयाचं पारितोषिक कसं काय मिळालं नाही? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अभिनय त्यांनी कधीच सोडला नाही. फ्रान्सचा सिनेमा आपल्यापर्यंत पोहोचतो, नाटक पोहोचत नाही. मधल्या वर्षांतल्या एमान्युएल रिव्हा आपल्या नजरेआड राहिल्या त्या यामुळे. भक्ती बर्वे यांना केवळ 'जाने भी दो यारों'मध्ये पाहिलेला लखनौचा प्रेक्षकही असाच प्रश्न विचारील. 'ती फुलराणी'चा प्रयोग पाहिलेल्या मराठी माणसाला तो पडणार नाही.

तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. रिव्हा यांचं सिनेमातलं स्थान साठच्या दशकाच्या मध्यानंतर खरोखर आक्रसत गेलं. त्याचा दोष त्यांनी कधी नशिबावर ढकलला नाही. 'हिरोशिमा'नंतर आलेल्या कितीतरी भूमिका आपण होऊन नाकारल्या, मग विचारणारेही कमी झाले, असं त्या मुलाखतींत सरळ सांगत. हा नकार समजून घ्यायचा तर त्या आल्या कुठून ते आधी पाहायला हवं.

जन्म २४ फेब्रुवारी १९२७, पूर्व फ्रान्समधल्या व्होज भागातल्या शनिमेनिल या लहानशा गावी. मूळ नाव पोलेत. घर कामकरी. वडील पाट्या रंगवायचे, आई शिवणकाम करायची. मुलगीही शिवणकामाला लागली आणि बरीच वर्षं तेच करत राहिली. नाटकं वाचायची, हौशी मंडळींत कामं करायची, आणि पॅरिसला जायचं हे मनाशी धरून बसायची. त्या पॅरिसला पोहोचल्या तेव्हा वय होतं २६. नटी व्हायला निघालेल्या मुलीसाठी त्या काळी हे उशिराचंच वय. रू ब्लाँशच्या नाट्यशाळेत प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड शॉच्या एका नाटकात कामही मिळालं. म्हणजे सुरुवात रंगमंचावर झाली आणि घर म्हणून त्यांनी मानला तो रंगमंचच. दिग्दर्शक अलँ रेने यांनी १९५८ साली त्यांना 'हिरोशिमा'साठी निवडलं तेव्हा जग त्यांना ओळखत नव्हतं, पण नाटकवाल्यांमध्ये त्या नवख्या नव्हत्या.

'हिरोशिमा'चा शब्दन् शब्द मार्गरित द्यूरास यांचा. बोलण्यातला ताल, पुनरुक्ती, मध्येच येणारे थांबे, हे सगळं लिहिलेलं. समोरचे नट एइजी ओकादा यांना फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी आपले संवाद उच्चारांवरून पाठ केले होते. त्यामुळे भाषेचा सगळा भार रिव्हा यांच्या आवाजावर आला. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा नेव्हेर गावच्या तळघराची हकीकत सांगतानाचा त्यांचा आवाज डोळे मिटून ऐका. कवितेचं वाचन करणारी आणि तरीही एका माणसाला काही सांगणारी अशी ती तऱ्हा आहे. पुढच्या साऱ्या कारकिर्दीचं मूळ मला त्या आवाजात दिसतं.

त्यानंतरची तीन-चार वर्षं झपाट्याची होती. इटलीत जिल्लो पोन्तेकोर्व्हो यांच्या 'कापो'मध्ये त्यांनी छळछावणीतली कैदी केली. विजेच्या तारांवर झेप घेऊन ती मरते. त्या मृतदेहाकडे कॅमेरा ज्या तऱ्हेने सरकतो त्यावर जाक रिव्हेत यांनी १९६१ साली 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकात जळजळीत लेख लिहिला. दुःखाची अशी सुबक चौकट करणारा माणूस तिरस्कारालाच पात्र आहे, असा त्याचा रोख होता. फ्रेंच समीक्षेत हा लेख आजही वाचला जातो. त्याच वर्षी जाँ-पिएर मेलव्हिल यांचा 'लेओं मोरँ, प्रेत्र' आला. जर्मनव्याप्त गावात तरुण धर्मगुरूशी वाद घालता घालता त्याच्यात गुंतत जाणारी विधवा त्यांनी त्यात केली, समोर जाँ-पॉल बेल्माँदो. आणि १९६२ साली 'तेरेझ देस्केरू', फ्राँस्वा मोरियाक यांच्या कादंबरीवरून झॉर्झ फ्राँज्यू यांनी केलेला. नवऱ्याला सोमलाचे थेंब देणारी ही बाई. रिव्हा तिला खलनायिका करत नाहीत आणि तिच्यासाठी दयाही मागत नाहीत. व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा व्होल्पी करंडक त्यांना याच भूमिकेने मिळवून दिला. माझ्या मते हे त्यांचं तरुणपणातलं सर्वांत मोठं काम आहे, 'हिरोशिमा'हूनही. तिथे द्यूरास यांची भाषा त्यांना तोलून धरते. इथे सगळं गप्प राहून करायचं होतं.

नकारांचा काळ सुरू झाला तो यानंतर. निर्मात्यांना त्यांचं नाव हवं होतं, त्यांना संहिता हवी होती. १९६६ साली क्लोद रेजी यांनी पॅरिसमध्ये हॅरॉल्ड पिंटर यांचं 'द होमकमिंग' फ्रेंचमध्ये बसवलं, त्यात रिव्हा होत्या. पुढे जाक लासाल यांच्यासारख्या दिग्दर्शकांबरोबर त्यांनी नाटकं केली. २००० साली आव्हिन्योंच्या महोत्सवात लासाल यांनीच युरिपिडीसचं 'मेडिया' केलं, मेडिया होत्या इझाबेल ह्युपेर, आणि त्या संचात रिव्हाही होत्या. 'आमूर'मध्ये ह्युपेर यांनी रिव्हांच्या मुलीची भूमिका केली ती त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी. पडद्यावर त्या दोघींमधलं अवघडलेपण इतकं खरं वाटतं, त्यामागे ही जुनी ओळखही असावी.

इथे फ्रान्सची एक सोय सांगायला हवी, नाहीतर हे चित्र अपुरं राहील. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सरकारी अनुदानावर चालणारी नाट्यकेंद्रं पॅरिसबाहेरही उभी राहिली, त्यामुळे गल्ल्याकडे न पाहता अवघड नाटक करणं शक्य झालं. शिवाय काम सलग न मिळणाऱ्या नट-तंत्रज्ञांसाठी बेकारभत्त्याची वेगळी योजना आहे. सध्याच्या नियमानुसार बारा महिन्यांत ५०७ तासांचं काम दाखवलं की मधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता मिळतो. आपल्याकडे नाटकातल्या माणसाचं घर नाइटवर चालतं. प्रयोग नाही तर पैसा नाही. भूमिका नाकारण्याची हिंमत माणसाची असते, पण ती टिकायला अशी व्यवस्था लागते, आणि ती आपल्याकडेही असावी असं मला मनापासून वाटतं.

सिनेमा अगदीच सुटला नव्हता. मार्को बेलोक्यो, फिलिप गारेल अशा आपल्याच वाटेने जाणाऱ्या दिग्दर्शकांनी त्यांना बोलावलं. किस्लोव्स्की यांच्या १९९३च्या 'ब्लू'मध्ये तर तुम्ही त्यांना पाहिलंही असेल आणि ओळखलं नसेल. ज्युलिएत बिनॉशची आई, वृद्धाश्रमात टीव्हीसमोर बसलेली. मुलीला ती आपली बहीण समजते. पडद्यावरची काही मिनिटं, पण आठवण हरवलेली ती हसरी, सभ्य नजर मी विसरू शकलेलो नाही. याशिवाय त्यांचे कवितासंग्रह निघाले. आणि छायाचित्रं! 'हिरोशिमा'च्या वेळी रिव्हा त्या शहरात चित्रीकरणाच्या थोडं आधी पोहोचल्या होत्या. कॅमेरा गळ्यात अडकवून रस्तोरस्ती हिंडल्या, मुलांचे, दुकानांचे, नदीकाठचे फोटो काढले. बाँबनंतर तेरा वर्षांनी पुन्हा नांदू लागलेलं गाव त्यांत आहे. ते फोटो पन्नास वर्षं पडून राहिले. २००८ साली ते जपानमध्ये लोकांसमोर आले, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये पुस्तकरूपाने निघाले.

आता 'आमूर'. दिग्दर्शक मिखाएल हानेके यांना रिव्हा तरुणपणी पाहिलेल्या 'हिरोशिमा'पासून आवडत. तरी भूमिका आयती दिली नाही. चाचणी घेतली, आणि जाँ-लुई त्रँतिन्याँ यांच्या शेजारी त्याच शोभतात अशी खात्री झाल्यावर निवड केली. पियानो शिकवून निवृत्त झालेलं हे जोडपं ज्या घरात राहतं ते स्टुडिओत बांधलं होतं, हानेके यांच्या आईवडिलांच्या व्हिएन्नातल्या घराच्या नकाशावरून. चित्रीकरणाच्या काळात रिव्हा यांनी ८४ पूर्ण केली.

सकाळच्या न्याहारीचा प्रसंग पुन्हा काढून पाहा. बोलता बोलता आन, म्हणजे रिव्हा, एकदम थांबते. डोळे उघडे, पण समोरचा नवरा तिला दिसत नाही. तो टॉवेल ओला करून तिच्या मानेला लावतो, काही होत नाही. नळ तसाच वाहता ठेवून तो कपडे बदलायला आत जातो. आपल्याला ऐकू येतो फक्त पाण्याचा आवाज, आणि मग तो आवाज बंद होतो. तो परत येतो तर ती नेहमीसारखी, वर नळ उघडा टाकला म्हणून त्यालाच बोलते. मधलं काही तिला आठवत नाही. मग ती चहा ओतायला घेते आणि धार कपाच्या बाहेर पडते. या सगळ्यात रिव्हा काय करतात? जवळजवळ काहीच नाही. चेहरा ओढत नाहीत, हात थरथरवत नाहीत. आजार दाखवण्याचा मोह टाळून त्या फक्त तिथून निघून जातात आणि परत येतात. देह जागेवर ठेवून माणूस नाहीसा करायचा हे कसब एका सिनेमापुरतं कमावता येत नाही. पुढे अर्धं शरीर लुळं पडतं, बोलणं तुटत जातं, शेवटी 'दुखतंय' या अर्थाचा एकच शब्द त्या पुन्हा पुन्हा ओरडतात. तिथेही प्रत्येक वेळचा सूर वेगळा आहे. तुमची पन्नास वर्षं मला त्या एका शब्दात ऐकू येतात.

आता पारितोषिकांचं. कानमध्ये २०१२ साली 'आमूर'ला पाम द'ऑर मिळालं, आणि हा मुख्य सन्मान मिळालेल्या चित्रपटाला तिथे सहसा दुसरं पारितोषिक देत नाहीत. म्हणून अभिनयाचा मान दुसरीकडे गेला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नानी मोरेत्ती यांनी मात्र पाम द'ऑर जाहीर करतानाच दोन्ही नटांच्या वाट्याचा वेगळा उल्लेख केला. पुढच्या फेब्रुवारीत ब्रिटनचं बाफ्टा आणि २२ तारखेला फ्रान्सचं सेझार, दोन्ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पारितोषिकं त्यांना मिळाली. लगेच त्या विमानाने लॉस एंजेलिसला गेल्या. २४ फेब्रुवारी, ऑस्करचा दिवस, त्यांचा ८६वा वाढदिवस होता. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री विभागात इतक्या वयाच्या अभिनेत्रीला त्याआधी कधी नामांकन नव्हतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच विभागात नऊ वर्षांची मुलगीही होती. ऑस्कर जेनिफर लॉरेन्स यांना मिळालं. मला विचाराल तर तो निवाडा चुकला.

एवढं झाल्यावर कुणी विश्रांती घेतली असती. त्या २०१४ साली पॅरिसच्या थिएत्र द लातेलिएमध्ये रंगमंचावर परतल्या. नाटक द्यूरास यांचंच, 'सव्हाना बे', दिग्दर्शन दिदिए बेझास यांचं. आठवणी निसटत चाललेली म्हातारी नटी आणि तिला भूतकाळ विचारत राहणारी तरुण बाई, एवढाच पसारा. द्यूरास यांनी ते मादलेन रनो या थोर अभिनेत्रीसाठी लिहिलं होतं. सत्त्याऐंशीव्या वर्षी रोज संध्याकाळी उभं राहून द्यूरास यांची भाषा बोलायची, हे काम सोपं नाही.

२७ जानेवारी २०१७ रोजी पॅरिसमध्ये कर्करोगाने त्यांचं निधन झालं, वय ८९. तोवर एक विनोदी चित्रपट करून झाला होता, दोमिनिक आबेल आणि फिओना गॉर्डन यांचा 'पारी पिए न्यू', इंग्रजीत 'लॉस्ट इन पॅरिस'. वृद्धाश्रमात पाठवतील म्हणून घरातून पळ काढणारी मार्था त्या झाल्या आहेत. त्यात जुन्या मित्राबरोबर, म्हणजे पिएर रिशार यांच्याबरोबर, बाकावर बसल्या बसल्या दोघं फक्त पावलांनी नाचतात. तुमच्या क्लबाला माझी विनंती : आधी 'तेरेझ देस्केरू' मिळवा, मग हा. 'आमूर' पाहिलेल्या माणसाने तो पाहायलाच हवा, कारण ही बाई विनोदही किती मन लावून करायची हे तिथे कळतं.