बारशी कमी, पंचाहत्तऱ्या जास्त

प्रश्न : आमच्या गल्लीत पूर्वी महिन्याला एखादे तरी बारसे असायचे. आता आमंत्रणे येतात ती पंचाहत्तरीची आणि सहस्रचंद्रदर्शनाची. शाळेचा पट घटला, मागावर बसायला माणूस मिळत नाही. दुसरीकडे पेपरात वाचते की भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले. मुले कमी होतात तर माणसे वाढतात कशी? आणि आमच्या म्हातारपणी काम कोण करणार, आम्हाला बघणार कोण?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : तुम्ही गल्लीत पाहता ते खरे आहे आणि पेपरात वाचता तेही खरे आहे. यंत्रमागाची मोटर बंद केली तरी चाक लगेच थांबत नाही, आधीच्या वेगावर काही फेरे मारते. लोकसंख्येचेही तसेच चालले आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या मुली भरपूर संख्येने जन्मल्या, त्या आज आया होत आहेत. प्रत्येकीला मूल एक किंवा दोन, पण आयाच इतक्या की एकूण बाळे अजून मृत्यूंपेक्षा जास्त भरतात. शिवाय माणसे जगतात जास्त. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते, आता ते सत्तरीला पोचले आहे. लोकसंख्या आज वाढते आहे ती बरीचशी वरच्या टोकाला, म्हणजे तुमच्या पंचाहत्तऱ्यांच्या बाजूला.

पिढी जेवढ्यास तेवढी टिकायची तर एका बाईमागे सरासरी २.१ मुले लागतात. १९५०च्या सुमारास आपल्याकडे ही सरासरी सहाच्या घरात होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६च्या फेरीत महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्ये २.१वर आली. २०१९-२१च्या फेरीत दोघेही १.७वर आहेत. सीमाप्रश्नात ज्या दोन सरकारांचे एका गावावरूनही जमत नाही, त्यांचा हा आकडा मात्र दशांश चिन्हापर्यंत एक! गोवा तर १.३वर गेला. संततिनियमनाच्या विचारातही दोन्ही बाजू जुन्याच आहेत. र. धों. कर्वे यांनी मुंबईत केंद्र काढले ते १९२१ साली, आणि म्हैसूर संस्थानाने सरकारी खर्चाने अशी केंद्रे उघडली १९३०मध्ये. त्या काळात शहापूर ना मुंबई इलाख्यात होते ना म्हैसुरात. ते होते सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात.

मुले कमी का झाली, याचे उत्तर बहुतेकांना घरातच सापडेल. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले. जन्मलेले मूल जगणार याची खात्री आली, त्यामुळे ‘दोन तरी हाताशी राहावीत’ म्हणून पाच जन्माला घालायची गरज उरली नाही. आणि मूल हे पूर्वी हाताशी येणारे माणूस होते, आता ते फी भरायचे खाते झाले आहे. यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. कर्नाटकात निम्म्याहून जास्त विवाहित बायकांचे ऑपरेशन झालेले आहे, नसबंदी केलेले पुरुष मात्र शोधावे लागतात. लहान कुटुंबाचे श्रेय सरकारने घेतले, पोटावर टाका बायकांनी घेतला.

मात्र तुमची गल्ली जेवढी म्हातारी दिसते, तेवढा बेळगाव जिल्हा म्हातारा नाही. गल्लीत दोन कारणांची बेरीज झाली आहे. जन्म कमी झाले, आणि जन्मलेली मुले पुण्याला, बंगळूरला, गोव्याला गेली. मराठी शाळेच्या पटाला तर तिसरे कारणही आहे, इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या. प्रत्येक रिकाम्या बाकाचा दोष जननदरावर टाकला तर शाळा वाचवण्याचे प्रयत्नच थांबतील.

आता मागाचे. शहापूर, वडगाव, खासबागेतला यंत्रमाग हा कारखान्यापेक्षा घराचा धंदा राहिला. नवरा मागावर, बायको आणि सासू कांड्या भरायला, पोरगा शाळेतून आला की साड्यांच्या घड्या घालायला किंवा व्यापाऱ्याकडे माल पोचवायला. या घरच्या हातांची मजुरी कोणी हिशेबात धरत नव्हते, म्हणून साडीचा भाव परवडत होता. घरात मुले दोनच, त्यातला एक डिप्लोमा करून उद्यमबागेत किंवा पुण्यात, दुसरी नर्सिंगला, अशी स्थिती आली की तेच काम पगार देऊन करून घ्यावे लागते आणि हिशेब कोसळतो. सुरतेचा स्वस्त माल, विजेचे दर, सुताचे भाव ही कारणे आहेतच. माग बंद पडायला एकटा जननदर पुरेसा नाही. पण उद्या भाव सुधारला तरी कांड्या भरायला सासू आणि नात दोघी एकाच घरात मिळणार नाहीत, हे गृहीत धरावे लागेल.

ही पोकळी आज बाहेरून आलेली माणसे भरतात. शेजारच्या इचलकरंजीच्या मागांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातले कामगार आहेत; फाउंड्र्यांतही तेच. बिहारचा जननदर २०१९-२१च्या फेरीतही ३ होता, म्हणून तिथून तरुण येतात. पण त्याआधीच्या फेरीत तो ३.४ होता, म्हणजे तोही उतरतो आहे. आज खोली नाकारून, रेशनचा प्रश्न त्यांचा त्यांच्यावर सोडून आपण ज्यांना वागवतो, त्यांची उद्या शहरे एकमेकांकडून पळवापळवी करतील. तेव्हा ते बेळगावलाच का येतील, याचा विचार मालकांनी आता करायला हरकत नाही.

काळजी करायचीच तर ती वेगाची करावी. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला ११५ वर्षे लागली. जपानला २४. फ्रान्सला म्हातारे होता होता श्रीमंत व्हायला वेळ मिळाला. आपल्याकडे साठीपुढचे लोक २०११च्या जनगणनेत ८.६ टक्के होते आणि सरकारी अंदाजाप्रमाणे २०३६ साली १५ टक्के असतील. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही पायरी त्याच्या पाचएक वर्षे आधीच गाठतील. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या शंभर माणसांमागे २०११मध्ये चौदा वृद्ध होते, २०३६मध्ये देशभरात तेवीस असतील. तेवीस हा आकडा भयंकर नाही. त्या तेवीस जणांच्या हातात स्वतःचे किती पैसे असतील, यावर सगळे आहे.

‘आम्हाला बघणार कोण’ या तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इथेच आहे. चार मुलगे असत तेव्हा आईवडिलांच्या पाळ्या लागत, एकेक महिना एकेकाकडे. त्या पाळीत मानापमान पुष्कळ असे, पण अन्न मिळे. आता एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक मुलगी लग्न करतात तेव्हा दोघांवर मिळून चार वृद्ध येतात. ‘मुलगा बघतो’ असे आपण म्हणतो. अंथरुणाची चादर बदलते ती सून किंवा लेक. तिने नोकरी करावी, मूलही वाढवावे आणि सासऱ्यांचे डायपरही बदलावे, या हिशेबावर समाज उभा असेल तर ती एका मुलावर थांबते यात नवल कसले?

बेळगावात १९२२पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे भागात पेन्शनवाले हवालदार, सुभेदार सर्वत्र भेटतात. निवृत्त सुभेदारसाहेबांचे म्हातारपण आणि शेजारच्या विणकराचे म्हातारपण शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघांनाही मुले दोनच, वयही सारखेच. एकाला महिन्याच्या महिन्याला रक्कम येते, म्हणून घरात त्याचा शब्द चालतो. दुसरा औषधाच्या चिठ्ठीसाठी मुलाच्या तोंडाकडे बघतो. मुलांची संख्या समान असताना फरक कशाने पडला ते उघड आहे. आणि २०२२पासून सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेने चार वर्षांनी परतणाऱ्या पोरांचे तेही पेन्शन काढून घेतले आहे.

निपाणीची गोष्ट आणखी कडवट आहे. हजार विड्यांमागे मजुरी, या हिशेबावर ज्या बायकांनी उभा जन्म मांडी घालून विड्या वळल्या, त्यांतल्या ज्यांचा भविष्यनिर्वाह निधी नीट कापला गेला त्यांना निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम १ हजार रुपये, २०१४ साली ठरलेली. त्यांच्या लेकी विड्या वळत नाहीत, ही आनंदाची गोष्ट. आयांचे पुढे काय, हे कोणी विचारत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला केंद्राचा वाटा तर ऐंशीपर्यंत महिना २०० रुपयेच आहे.

मग जास्त मुले जन्माला घालावीत का? आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी २०२४मध्ये तसे आवाहन केले, आणि दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक निवडणुकांत असलेली बंदीही उठवली. त्यामागे म्हाताऱ्यांची काळजी आहे, तशीच मतदारसंघ फेररचनेत दक्षिणेच्या खासदारांची संख्या घटण्याची भीतीही. पण आवाहनाने पाळणे हलत नाहीत. सिंगापूरने ‘दोनवर थांबा’ म्हणून झाल्यावर १९८७मध्ये ‘परवडत असेल तर तीन’ अशी घोषणा दिली. आकडा थोडा वर जाऊन पुन्हा घसरला. दक्षिण कोरियाने पैसा ओतला आणि २०२३मध्ये तिथला दर ०.७२वर आला. आपल्याकडे तर आधी लग्नेच जमेनात. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात बाशिंग बांधून नवरदेवांनी मोर्चा काढला, दोन महिन्यांनी मंड्याकडच्या अविवाहित शेतकऱ्यांनी मले महादेश्वराच्या डोंगरापर्यंत पदयात्रा केली. पोटात मारलेल्या मुलींचा तो हिशेब होता: २०११मध्ये महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या ८९४.

मुले किती, हे ज्या त्या बाईने ठरवावे. सरकारने ठरवायचे ते निवृत्तिवेतन, पाळणाघर आणि घरी येणारी परिचारिका, आणि तेही आत्ताच, कमावते हात भरपूर आहेत तोवर.

तोपर्यंत तुम्ही एक काम करा. कर्नाटक सरकारच्या ‘संध्या सुरक्षा’ योजनेत पासष्टीपुढच्यांना महिना १,२०० रुपये मिळतात आणि पात्र व्यवसायांच्या यादीत विणकर स्पष्टपणे लिहिलेले आहेत. उत्पन्नाची अट आहे, कागद लागतात, आणि म्हाताऱ्या विणकरांकडे नेमके तेच नसतात. गल्लीतल्या पंचाहत्तरीला जाल तेव्हा यजमानांना विचारा, अर्ज भरला का? नसेल तर आधार कार्ड आणि वयाचा पुरावा घेऊन त्यांच्याबरोबर नाडकचेरीपर्यंत जाऊन या.