पोलादाची आयात : चढउतार आणि त्यामागील कारणे

सुरत शहरातील गोडादरा, लिंबायत, उधना या वस्त्यांतून मराठी भाषा सहज कानी पडते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीकाठाने पोटापाण्यासाठी आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. यातील कोणी यंत्रमागावर काम करतो, कोणी लेथवर मागाचे सुटे भाग घडवितो, तर कोणी लोखंडी जाळ्या व दरवाजे जोडून देतो. याच शहराजवळ, खाडीच्या मुखाशी, हजिरा येथे देशातील एक मोठा पोलाद कारखाना उभा आहे. तेव्हा परदेशातून येणाऱ्या पोलादाचा प्रश्न या वस्तीला दोन्ही अंगांनी भिडतो. येथील एक हात पोलाद निर्माण करणाऱ्या उद्योगाशी, तर दुसरा पोलाद विकत घेणाऱ्या उद्योगाशी बांधलेला आहे. या दृष्टीने आयातीचा कल समजावून घेणे उद्बोधक ठरेल.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी देशातील तयार पोलादाचे उत्पादन वर्षाला सुमारे १० लाख टन एवढेच होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, रूरकेला व दुर्गापूर येथे सार्वजनिक क्षेत्रातील कारखाने उभारण्यात आले. पुढील तीन दशके पोलादाची किंमत, वाटप आणि आयात ही सर्व शासकीय नियंत्रणाखाली होती. १९९१ च्या औद्योगिक धोरणाने पोलाद उद्योग खाजगी क्षेत्रास खुला झाला आणि जानेवारी १९९२ मध्ये किंमत व वाटपावरील नियंत्रण उठले. हजिरा येथील कारखाना याच संक्रमणकाळात वाढला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याची मालकी बदलून तो आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला.

आकडे काय सांगतात?

तयार पोलादाची आयात २०१३-१४ मध्ये सुमारे ५४ लाख टन होती. दोनच वर्षांत, २०१५-१६ मध्ये, ती सुमारे ११७ लाख टनांवर पोहोचली. त्यानंतर ती उतरत गेली आणि २०२१-२२ मध्ये सुमारे ४७ लाख टनांपर्यंत खाली आली. त्या वर्षी आपण सुमारे १३५ लाख टन पोलाद निर्यात केले. परंतु चित्र पुन्हा पालटले. २०२३-२४ मध्ये आयात सुमारे ८३ लाख टन, तर निर्यात सुमारे ७५ लाख टन झाली. २०२४-२५ मध्ये आयात सुमारे ९५ लाख टनांवर गेली आणि निर्यात ४९ लाख टनांच्या आसपास घसरली. म्हणजे ही दोन्ही वर्षे देश पोलादाचा निव्वळ आयातदार राहिला.

मात्र केवळ टनांकडे पाहून चालणार नाही. २०१५-१६ मध्ये आयात देशातील एकूण वापराच्या सुमारे १४ टक्के होती. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ६ टक्के होती. या काळात देशाचा पोलादाचा वापर जवळजवळ दुप्पट झाला, हे त्याचे कारण होय.

तरीही हा लहान वाटा दुर्लक्षणीय नाही. बंदरात उतरलेल्या मालाचा भाव कमी असला, की देशी कारखान्यालाही आपला भाव त्याच्या जवळ आणावा लागतो. शंभरातील सहा टन उरलेल्या चौऱ्याण्णव टनांच्या किमतीवर अशा रीतीने दाब आणतात.

कारणमीमांसा

जगातील निम्म्याहून अधिक पोलाद चीनमध्ये तयार होते. तेथील बांधकाम मंदावले, की शिल्लक माल बाहेर पडतो. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये चीनची निर्यात ११ कोटी टनांच्या घरात गेली. आपल्या आयातीची दोन शिखरे नेमकी याच सुमारास यावीत, हा केवळ योगायोग नव्हे.

दुसरे कारण व्यापार करारांचे आहे. दक्षिण कोरियाशी २०१० पासून व जपानशी २०११ पासून अंमलात आलेल्या करारांमुळे तेथील पोलादास जकातीत सवलत मिळाली. तिसरे कारण दर्जाचे. रोहित्रांच्या गाभ्यासाठी लागणारे विद्युत पोलाद तसेच काही खास मिश्र पोलादे यांची देशातील गरज अद्याप मोठ्या प्रमाणात आयातीतूनच भागते. एकूण आयातीत चपट्या मालाचे, म्हणजे पत्रे, गुंडाळ्या व प्लेटी यांचे, प्रमाण अधिक आहे.

उपाय आणि त्याची किंमत

सप्टेंबर २०१५ मध्ये शासनाने २० टक्के संरक्षक शुल्क लावले, फेब्रुवारी २०१६ मध्ये किमान आयात किंमत ठरविली. एप्रिल २०२५ मध्ये काही चपट्या मालावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागू झाले. अशा उपायांमुळे कारखान्यांना श्वास घेण्यास अवसर मिळतो, नवी भांडवल गुंतवणूक टिकते.

परंतु पत्र्याचा भाव चढला, की त्याची झळ प्रथम लहान कारखानदाराला बसते. आगाऊ ठरलेल्या दराने जाळी करून देणाऱ्या कारागिराला वाढलेला खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करता येत नाही; तो त्याच्या मजुरीतून जातो. उलट स्वस्त आयातीने देशी कारखाना मंदावला, तर तेथील कंत्राटी कामगाराचे काम प्रथम सुटते. हे दोघे एकाच गल्लीत, क्वचित एकाच घरात राहत असतात.

तेव्हा 'आयात वाईट' किंवा 'आयात चांगली' असा ठोकळ निर्णय उपयोगाचा नाही. कोणता माल येतो, कोणत्या भावाने येतो आणि तो येथे का बनत नाही, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले पाहिजेत. जो माल येथे होतो तो उत्पादनखर्चाहून कमी भावात येत असेल, तर त्यास आवर घालणे योग्य; जो येथे होत नाही, तो येथे तयार होईपर्यंत त्याची वाट अडविणे अयोग्य. संरक्षणाचा काळ हा दर्जा सुधारण्याचा काळ ठरला, तरच त्याचा भार सोसणाऱ्या लहान कारागिराच्या पदरी काही पडले, असे म्हणता येईल.