चार चौकटींचा खर्च

वाणगाव परिसरातल्या एखाद्या शाळेला, बचत गटाला किंवा ग्रामपंचायतीला पर्यावरणाचा एखादा विषय चित्रकथेतून लोकांपुढे मांडायचा असेल, तर सुरुवात तीनशे रुपयांत होते. हाच विचार घेऊन शहरातल्या डिझायनरकडे गेलात की आकडा पन्नास हजारांवरही जाऊ शकतो. फरक कागदाच्या गुणवत्तेत कमी आणि विषयाच्या आकारात जास्त असतो, म्हणून आधी विषय ठरवा.

वाणगावचा डहाणू तालुका 20 जून 1991च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण आलं. विषय मोठा आणि महत्त्वाचा, पण तो चार चौकटींच्या भित्तिपत्रकात मावत नाही. त्याला पुस्तिका लागते, म्हणजे चित्रकाराचं मानधन आलं. उलट वाणगावच्या मिरचीवरचा चुरडा-मुरडा घ्या. पानं वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. दोन्हींची औषधं वेगळी. शब्दांत सांगताना जीभ अडखळते, चित्रात मात्र दोन पानं शेजारी शेजारी काढली की काम झालं. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण हा तर चार चौकटींसाठीच जन्माला आलेला विषय आहे: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, एवढं शेवटच्या चौकटीत ठसलं पाहिजे.

चार चौकटींची ही रीत ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’चे शरद शर्मा यांनी देशभर कार्यशाळांतून रुजवली. चित्रकार नसलेली माणसं स्वतःची गोष्ट स्वतः काढतात, ए-फोरचे दोन कागद जोडून भित्तिपत्रक करतात, झेरॉक्स मारून गावात चिकटवतात. आता हिशेब. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सचे एका बाजूला दोन रुपये धरू. तीस भित्तिपत्रकं म्हणजे साठ कागद, 120 रुपये. कोरे कागद आणि दोन चांगली काळी पेनं यांचे शंभर. चाचणीच्या प्रतींचे वीस. त्रिकोणाचे रंग हवेत, पण त्यासाठी रंगीत छपाई नको. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी चार स्केचपेनं आणा आणि सातवीच्या मुलांना बसवा, पन्नास रुपयांत भागतं. चिकटवायला मैद्याची खळ. तीनशेच्या आत-बाहेर सगळं उरकतं.

हेच फ्लेक्सवर काढायचं म्हटलं तर तीन बाय दोनचा एक तुकडा सहा चौरस फुटांचा. पंधरा रुपये फूट धरले तरी एकाचे नव्वद, तिसांचे 2,700. शिवाय फ्लेक्स पीव्हीसीचा असतो. पुढे तो कुणीतरी शेकोटीत टाकतो, आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. पर्यावरणाचा धडा त्यावर छापणाऱ्यांना मी हात जोडतो.

झेरॉक्सची एक गोम इथल्या लोकांनी खास लक्षात ठेवावी. वारली चित्र गेरूवर पांढऱ्या रेषेचं असतं. ते तसंच मशिनवर ठेवलं की काळी पार्श्वभूमी ढगाळ उमटते आणि टोनर जातो तो वेगळाच. दुकानदार जास्त पैसे मागेल आणि त्याचं चुकणार नाही. पांढऱ्यावर काळी रेघ काढा. पेन्सिलीची छटा उमटत नाही, तीही टाळा. चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर समास सोडा. अक्षर जाड आणि मोठं हवं, आणि ओळींत अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. भिंतच मिळाली तर गेरू आणि तांदळाचं पीठ सगळ्यांत स्वस्त, पण पडवीतली भिंत निवडा. आणि वारली कलाकाराला बोलावलंत तर मजुरी आधी ठरवून द्या. ‘गावचंच काम आहे’ म्हणून फुकटात काढून घेणं बरं नव्हे.

पुस्तिकेचं गणित वेगळं. पानं नेहमी चारच्या पटीत. ए-फाइव्ह आकाराची आठ पानं म्हणजे ए-फोरचे दोन कागद, चार बाजू, आठ रुपये. शंभर प्रतींचे 800. फक्त मुखपृष्ठाच्या बाहेरच्या बाजूला रंग हवा आणि रंगीत प्रत दहा रुपयांना पडत असेल, तर एका पुस्तिकेचे सोळा होतात: एका बाजूच्या रंगाने खर्च दुप्पट. पण खरा खर्च चित्रकाराचा. पानामागे हजार रुपये ठरले तर आठ हजार, म्हणजे शंभर प्रती काढल्यास प्रतीमागे ऐंशी रुपये, हजार काढल्यास आठ. म्हणून पुस्तिका एका शाळेपुरती काढू नये. पाच-दहा शाळा, शक्य तर आश्रमशाळाही सोबत घ्या. ऑफसेटचा विचार प्रती पाचशेच्या पुढे गेल्यावरच करा. प्लेटचा खर्च थोड्या प्रतींत वसूल होत नाही. चित्रकाराकडून किती वेळा दुरुस्ती मिळेल आणि पुनर्मुद्रणाचा हक्क कुणाचा, हे कागदावर लिहून घ्या.

चित्रकाराचा खर्च टाळायचा एक सरळ मार्ग आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर निसर्गविषयक चित्रपुस्तकं मराठीतही आहेत आणि बहुतेक खुल्या परवान्याची. लेखक-चित्रकाराचं नाव देऊन ती छापता येतात, भाषांतरही करता येतं. वारली बोलीत केलं तर जास्त घरांत पोहोचेल. तलासरीच्या सीमेलगत गुजरातीचाही विचार करा. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींची ‘ग्रीन ह्यूमर’ मालिका मात्र फुकटची समजू नका. चित्र नेटवर दिसलं म्हणजे छापायची मुभा मिळाली असं होत नाही, आधी विचारावं.

ज्या खर्चात काटकसर नको तो तपासणीचा, आणि गंमत म्हणजे तोच जवळपास फुकट आहे. मिरचीचा मजकूर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला दाखवा, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं लागेल. त्याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शिक्षणाची साधनं केली होती, तेव्हा स्वस्त साधन म्हणजे हलकं साधन असं इथे तरी कुणी म्हणू नये. तपासून झालं की पाच जणांना पत्रक द्या आणि काही न समजावता ‘काय कळलं?’ एवढंच विचारा. तीनेक जणांनी उलटा अर्थ काढला तर चित्र बदला. हे झेरॉक्सच्या आधी करा.

कार्यशाळाच घ्यायची असेल तर पंचवीस माणसांचा एक दिवस धरा. जेवण-चहा माणशी शंभरने 2,500, साहित्य 500, मार्गदर्शकाचं मानधन आणि प्रवास धरून तीन हजार. सहा हजारांत आठ-दहा भित्तिपत्रकं हाती येतात. मजुरीवर जाणाऱ्यांचा रोज बुडतो, तोही हिशेबात धरा किंवा कामं कमी असतील तो दिवस निवडा.

चिकटवण्यापूर्वी भिंतीच्या मालकाची परवानगी घ्या. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा 1995चा कायदा आहे. ग्रामपंचायत, शाळा, दुकानाची आतली बाजू चालते. स्टेशनची भिंत रेल्वेची, तिथे वेगळी परवानगी लागते. मिरचीचं पत्रक पाऊस उघडल्यावर, लावणीच्या आधी लावा, आणि दहा प्रती राखून ठेवा. औषध-दुकानाच्या दारावरची प्रत पहिल्यांदा फाटते.