मोत्याचा दागिना आणि विक्रेत्याचा शब्द

आमच्या महाविद्यालयाच्या कन्नड विभागातील एका सहकारी बाईंनी मला एकदा एक म्हण सांगितली होती : "मातु आडिदरे होयितु, मुत्तु ओडेदरे होयितु." बोललेला शब्द गेला तो गेला, फुटलेला मोती गेला तो गेला, दोन्ही परत मिळत नाहीत, असा तिचा आशय. कन्नडातील 'मुत्तु' म्हणजे आपला मोती. तेव्हा ती म्हण मला केवळ गोड वाटली. पुढे सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः मोत्यांचे दागिने घडवून इंटरनेटवरून विकू लागले, तेव्हा तिच्यात किती व्यवहारज्ञान भरले आहे ते कळले, आणि तेही नुकसान सोसून कळले.

वाणिज्य शाखेत मी पुष्कळ वर्षे १९३० चा वस्तुविक्री कायदा शिकविला. मोती ओवण्याची कला मात्र सासूबाईंकडून आली. दोन मोत्यांच्या मध्ये रेशमाची गाठ कशी बसवावी, वेज अरुंद असेल तर मोती न तडकता ते कसे मोठे करावे, हे त्यांनी मला शेजारी बसवून शिकविले. या दोन शिदोऱ्यांच्या बळावर व्यवसाय सोपा जाईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. कोठे चुकले आणि त्यातून काय शिकावे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे. स्वतःचा लहानसा उद्योग काढू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा काही उपयोग व्हावा.

१. मोती म्हणजे काय?

मोती हे खाणीतले रत्न नव्हे, ते एका जिवाने घडविलेले रत्न आहे. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही कविकल्पना आपण सर्वांनी ऐकली आहे. वाळूचा कण शिरल्याने मोती होतो, ही तिची आधुनिक बहीण. प्रत्यक्षात वाळूच्या कणापासून मोती होणे फार विरळा. शिंपल्यातील प्राण्याच्या अंगावरच्या नाजूक आवरणाला इजा झाली, अथवा एखादा परजीवी आत शिरला, की आवरणातील काही पेशी आत ढकलल्या जातात. त्यांची एक पिशवी बनते आणि तीत शिंपल्याच्या आतील बाजूस असतो तसाच चकचकीत थर एकावर एक साचू लागतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणूनच मोत्याला आम्ल सोसत नाही. घाम, अत्तर आणि लिंबाचा रस हे त्याचे शत्रू होत.

बाजारातील मोत्यांचे तीन वर्ग करता येतील. पहिला नैसर्गिक मोती. इराणच्या आखातातील मोत्यांना आपल्याकडे 'बसरा' म्हणतात, ते या वर्गातले. बसरा हे बंदराचे नाव. त्या बाजूच्या व्यापारावरून ते मोत्यांना चिकटले. दुसरा वर्ग संवर्धित मोत्यांचा. यात माणूस शिंपल्यावर शस्त्रक्रिया करून मोती घडण्यास आरंभ करून देतो. पुढचे थर मात्र तो प्राणीच चढवितो. जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल संवर्धित मोती मिळविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण गोल मोत्यांची पद्धत जपानात सिद्ध झाली. भारतात तुतिकोरिनजवळच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये गोल मोती तयार करण्यात यश आले. आज दुकानांतून दिसणारे बहुतेक संवर्धित मोती चीनमधील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांतले असतात. त्यांत मणी न घालता दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा लहानसा तुकडा बसवितात, त्यामुळे असा मोती जवळजवळ संपूर्णपणे मोत्याच्याच थरांचा असतो. तिसरा वर्ग नकली मोत्यांचा : काचेच्या वा प्लॅस्टिकच्या मण्यावर चमकदार लेप दिलेला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हैदराबादी मोती म्हणजे हैदराबादेत निपजलेला मोती नव्हे. त्या शहराला समुद्र नाही. मोती निवडणे, त्यांना वेज पाडणे, ओवणे आणि विकणे यांत तेथील कारागिरांनी व व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव मिळविले, म्हणून ते नाव.

मोती दातावर हळूच घासला असता खऱ्याचा स्पर्श किंचित खरखरीत लागतो, नकलीचा गुळगुळीत. भिंगातून वेजाची कड पाहिली तर नकली मोत्याचा लेप तेथे निघालेला दिसतो. या परीक्षा उपयुक्त आहेत. परंतु नैसर्गिक आणि संवर्धित यांतला भेद त्यांनी कळत नाही, कारण दोन्हींवरचे थर शिंपल्यातील प्राण्यानेच चढविलेले असतात. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरणांची तपासणी लागते. ही एवढी गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर पुढचा प्रसंग टळला असता.

२. वर्णनावरून विक्री

पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून मी मोत्यांची काही लड्यांची खरेदी केली. मोती किंचित पिवळसर, आकाराने थोडे वेडेवाकडे, आणि पाणी सुरेख. "बाई, हे जुन्या दागिन्यांतले बसरा आहेत," असे तो म्हणाला. मी दातावर घासून पाहिले आणि निर्धास्त झाले. त्या मोत्यांचे तन्मणी व कुड्या करून माझ्या संकेतस्थळावर लिहिले : 'अस्सल बसरा मोती.' अकरा दागिने विकले गेले.

त्यांतला एक तन्मणी बडोद्याच्या एका वृद्ध बाईंनी घेतला होता. त्यांनी तो प्रयोगशाळेत तपासून घेतला. मोती गोड्या पाण्यातले, संवर्धित निघाले. त्यांचे पत्र आले. त्यात राग नव्हता. "बाई, दागिना सुंदर आहे. पण तुम्ही लिहिलेत ते हे नव्हे," एवढेच एक वाक्य मला पुरे झाले.

माझ्या संकेतस्थळाचे काम माझी भाची पाहते. ती म्हणाली, "मावशी, अकराजणींत एकीनेच तपासलंय. तिचे पैसे परत करू. बाकीच्यांना मुद्दाम कशाला सांगायचं?" तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री मी माझी जुनी टिपणे काढली. वस्तुविक्री कायद्याचे कलम १५ मी इतक्या वर्गांना शिकविले होते : माल वर्णनावरून विकला असेल, तर तो वर्णनाशी जुळला पाहिजे, ही विक्रीची गर्भित अटच होय. कलम १६ प्रमाणे सामान्यतः ग्राहकाने सावध राहावे असे म्हणतात. परंतु सावध राहावयाचे कशाने? पेढीवर आलेले गिऱ्हाईक मोती हातात घेते, उन्हात धरते, दातावर घासते. दूरच्या गिऱ्हाइकाजवळ यांतले काहीच नसते. त्याच्याजवळ एक चित्र असते आणि माझे चार शब्द असतात. इंटरनेटवरील विक्री जवळजवळ सर्वस्वी वर्णनावरची विक्री आहे. तेथे शब्द हाच माल.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या दहाजणींना पत्रे लिहिली. अकराजणींपैकी पाचजणींनी दागिने परत पाठविले. बडोद्याच्या बाईंसह चारजणींनी ते ठेवून घेतले. त्यांना किंमतीतला फरक परत केला. दोघींकडून उत्तरच आले नाही. सहा महिन्यांची कमाई गेली. व्यापाऱ्याकडे गेले तेव्हा त्याने पावती दाखविली. तीवर केवळ 'मोती' एवढाच शब्द होता. बसरा हा शब्द त्याने तोंडी उच्चारला होता, मी तो लेखी दिला होता. भुर्दंड लेखी शब्दालाच बसला.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते. खरेदीच्या पावतीवर मोत्याचा प्रकार लिहून घेतल्यावाचून पैसे देत नाही. आणि जे पावतीवर नाही ते संकेतस्थळावर लिहीत नाही. आता माझ्या वर्णनात असा मजकूर असतो : 'गोड्या पाण्यातील संवर्धित मोती, मूळ देश चीन, ओवण बेळगाव येथे, हाताने, मोत्याचा व्यास ४ मि.मी.; सराची लांबी ४० सें.मी.; रेशमी दोरा, प्रत्येक मोत्यानंतर गाठ; फासा चांदीचा.' चीनचे नाव पाहून काही गिऱ्हाइके जातात. जावोत. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापारविषयक नियमांनी मूळ देश सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक केलेच आहे, आणि जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही, असेही त्यांत म्हटले आहे.

छायाचित्राचेही तसेच. विजेच्या पिवळ्या दिव्याखाली पांढरा मोतीही जुना व मौल्यवान दिसतो. म्हणून मी दिवसा, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर आणि शेजारी मोजपट्टी ठेवून चित्र घेते.

३. रचना कोणाची?

तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथ हे घाट माझे नव्हेत; ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांना 'माझी स्वतंत्र रचना' म्हणणे हेही खोटे वर्णनच ठरेल. तन्मण्याचे खोड थोडे लहान केले म्हणून तन्मणी माझा होत नाही.

माझी म्हणता येईल अशी पहिली रचना कसुतीवरून सुचली. आपल्या भागात इरकली लुगड्यांवर हे भरतकाम असते. त्यातील गवंती टाका कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मी विचार केला, पदकही असेच करता आले तर? २ मि.मी. चे बारीक मोती बारीक तारेत चौकटीने ओवून तुळशीवृंदावनाचे पदक केले. उलटे पडले तरी तेच दिसावे असे. तीनदा उसवले, चौथ्यांदा जमले. वृंदावन कसुतीचे आहे आणि कसुती त्या असंख्य अनामिक बायकांची आहे. मोत्यांतली मांडणी तेवढी माझी. वर्णनात मी तसेच लिहिले.

आनंदाच्या भरात त्याच संध्याकाळी चित्र संकेतस्थळावर लावले, आणि येथे दुसरी चूक झाली. २००० च्या रचना कायद्यानुसार नव्या रचनेची नोंदणी करता येते. तिने दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढविता येते. परंतु अर्जापूर्वी रचना जगापुढे आलेली नसावी, ही त्यातली मुख्य अट. मी स्वतःच ती जगापुढे मांडून बसले होते! काही महिन्यांनी माझेच छायाचित्र दुसऱ्या एका विक्रेत्याच्या पानावर दिसले. छायाचित्राचा स्वामित्वहक्क माझा असल्याने ते काढावयास लावता आले. पदकाची नक्कल मात्र थांबविता आली नाही. पुढच्या रचनेच्या वेळी आधी अर्ज केला, मग चित्र लावले. विद्यार्थ्यांनी हा क्रम पक्का ध्यानात ठेवावा.

४. स्वतःच्या हाताची मजुरी

किंमत ठरविताना माणूस दुसऱ्याला फसवितो तसा स्वतःलाही फसवितो. माझ्या वहीतील त्या वर्षीच्या एका तन्मण्याचा हिशेब असा : मोती १,४०० रुपये, चांदीचे खोड व फासा ६५०, रेशीम वगैरे ५०, डबी व टपाल १५०, एकूण २,२५०. मी तो २,६०० रुपयांना विकला आणि ३५० रुपये नफा झाला म्हणून समाधान मानले. त्याला माझे नऊ तास लागले होते. म्हणजे तासाला चाळीस रुपयेदेखील पडले नाहीत. शिवाय पैसे स्वीकारण्याचे शुल्क, परत आलेला माल, फोटोत गेलेला वेळ, यांचा पत्ताच नव्हता.

४ मि.मी. मोत्यांच्या ४० सें.मी. च्या एका सरात सुमारे शंभर मोती बसतात, आणि गाठीही तितक्याच. गाठ मारल्याने मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी सगळे मोती विखुरत नाहीत. ही मेहनत गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून ती आपण आधी आपल्या वहीत दाखवावी. आता मी तासाला १०० रुपये धरते : २,२५० अधिक ९०० म्हणजे ३,१५०; इतर खर्चासाठी ३५०; एकूण ३,५०० रुपये. या किंमतीला विक्री कमी होते, हे खरे. परंतु 'हाताने घडविलेले' असे लिहावयाचे आणि हाताची किंमत शून्य धरावयाची, हेही एक चुकीचे वर्णनच नाही काय?

समारोप

मोती, रचना आणि मजुरी या तिन्ही ठिकाणी माझी चूक मुळात एकच होती. वस्तू जशी होती तशी मी सांगितली नाही. प्रथम गिऱ्हाइकाला, मग स्वतःला. भांडवल थोडे असले तरी चालते. जागा नसली तरी चालते. माझा सारा कारखाना एका लाकडी पाटावर मावतो. पण दूरच्या माणसाने आपल्या शब्दावर पैसे पाठविले की तो शब्द आपला राहत नाही, त्याचा होतो.

त्या अकरा दागिन्यांपैकी परत आलेले पाच मी उसवले आणि त्यांतले मोती पुन्हा ओवले. दोरा नवा घातला, वर्णनही नवे लिहिले. मोती पुन्हा ओवता आले, कारण ते फुटलेले नव्हते. शब्द मात्र एकदा गेला होता. ज्या दोघींकडून उत्तर आले नाही, त्यांच्या पेटीत तो 'अस्सल बसरा' अजून तसाच पडून असेल.