अद्ययावतीकरणानंतर बंद पडलेला लॅपटॉप

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामपंचायतींचे दाखले व हिशेब आता संगणकावर तयार होतात. प्रणाली अद्ययावत झाल्यानंतर लॅपटॉप सुरू न झाल्यास ग्रामस्थांची कामे खोळंबतात. अशा वेळी घाईने सर्व माहिती पुसून प्रणाली नव्याने बसवू नये. दि. 19 जुलै 2024 रोजी एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक ठप्प झाले. यंत्रे मात्र शाबूत होती, दोष एका फाइलमध्ये होता.

प्रथम जोडलेली उपकरणे काढून, चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून लॅपटॉप पूर्ण बंद करावा व पुन्हा सुरू करावा. वारंवार अपयश आल्यास विंडोजमध्ये सहसा दुरुस्तीचे पर्याय दिसतात. तेथून शेवटचे अद्ययावतीकरण काढता येते. बिटलॉकरने माहिती कुलूपबंद असल्यास 48 अंकी क्रमांक लागू शकतो. तो क्रमांक व माहितीची दुसरी प्रत आधीच लॅपटॉपबाहेर सुरक्षित ठेवणे, हेच खरे शहाणपण होय.