पोटावरची चरबी नुसती बसून नसते

चरबी म्हणजे जादा झालेले अन्न साठवण्याचे कोठार, असे आम्ही कॉलेजात शिकलो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व सहकाऱ्यांनी मेदपेशींतून रक्तात सुटणारे लेप्टिन हे संप्रेरक शोधले, आणि चरबीही थायरॉइडसारखी ग्रंथीचे काम करते हे मान्य झाले.

‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवणे हे लेप्टिनचे मुख्य काम. १९९८ मध्ये त्याचा आणखी एक गुण ध्यानात आला. रक्तवाहिन्यांना ते नवे फाटे फोडायला लावते. गावाबाहेर वस्ती वाढली की नळाची लाइन न्यावी लागते; तशाच वाढत्या चरबीला प्राणवायू पोचवणाऱ्या केशवाहिन्या लागतात. (उंदरांना या वाहिन्या रोखणारी औषधे दिल्यावर ते बारीक झाले, असे २००२ साली प्रसिद्ध झाले. माणसात तसे करणे सोपे नाही. जखम भरून यायलाही नव्या वाहिन्याच लागतात.)

खरी अडचण पुढेच आहे. लठ्ठपणात मेदपेशी इतक्या फुगतात की वाहिन्यांची वाढ मागे पडते. पेशी गुदमरतात, काही मरतात. त्या निस्तरायला पांढऱ्या पेशी जमतात आणि मंद दाह सुरू राहतो. अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीतलेच दुसरे संप्रेरक रक्तवाहिन्यांना जपते, इन्सुलिनला मदत करते. पण चरबी वाढली की तेच घटते! लेप्टिन वाढते, तर मेंदू त्याचे ऐकेनासा होतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट इथून जाते.

“डॉक्टर, माझं वजन साठच किलो आहे,” म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे नि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण.

तेव्हा वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावे. पँटचा नंबर सांगू नये. पँट पोटाखालीच बांधलेली असते. माप जास्त भरले तर उपाशीपोटी साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्यावा. शंभर किलोच्या माणसाने पाच ते दहा किलो उतरवले, तरी दोन्ही आकड्यांत सहसा फरक दिसतो.